दोन एसएमपीएसवर चाललेला ट्रक

बाबा सव्वीस वर्षं एसटी चालवत होते. यवतमाळहून उमरखेड, यवतमाळहून दारव्हा, काही काळ राळेगाव. मग एका वर्षी नेहमीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर लिहिलं की यांच्या हाती गाडी देऊ नये. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेली आहे, उजव्यातही सुरुवात आहे. समोरचं मात्र स्वच्छ दिसतं.

या शेवटच्या वाक्यावरच बाबा अडून बसले.

"भिंतीवरच्या पाटीची शेवटची ओळ वाचली मी," ते आईला सांगायचे. "एकदम खालची, मुंगीएवढी. अन् डाक्टर म्हणते, दिसत नाई. ज्याले शेवटची ओळ दिसते त्याले समोरची म्हैस दिसनार नाई काय?"

त्यांना डेपोत बसून करायचं काम दिलं होतं. दोन महिने त्यांनी ते केलं आणि मग स्वतःहून निवृत्ती घेतली. डॉक्टरांनी डोळ्यांत टाकायला एक औषध दिलं होतं, रोज संध्याकाळी एक-एक थेंब. ती बाटली फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी तशीच भरलेली होती. आईनं आठवण करून दिली की बाबा म्हणायचे, "डोये खराब असतीन त्यानं टाका."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. यवतमाळातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, आणि घरी पुढच्या खोलीत माझा स्वतःचा, सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर होता. त्यावर मी लोकांचे प्रबंध आणि लग्नपत्रिका टाइप करून द्यायचे. बाबा त्या खोलीत दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसत. रस्त्यावरून गाडी गेली की न बघता आवाजावरून सांगत, "स्प्रिंगचा पाटा तुटला हाय याचा." बाकी बोलणं कमी झालं होतं.

क्लासमधल्या एका विद्यार्थिनीनं मला एका गेमची सीडी दिली. ट्रक चालवायचा, एका गावाहून माल उचलायचा, दुसऱ्या गावी पोचवायचा. एका रविवारी सकाळी मी ती लावून बघत होते. मागून बाबा कधी आले ते मला कळलं नाही.

"क्लच कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"क्लच नाही बाबा, या चार बटणांवर चालतो."

"अन् ब्रेक?"

"हे खालचं बटण."

त्यांनी थोडा वेळ बघितलं. मी एका वळणावर ट्रक कठड्याला घासला तेव्हा त्यांना राहवेना. "अवो बाई, लोड हाय मागं! वळनाच्या आधी स्पीड कमी करावं लागते, वळनात नाई. सरक."

मी सरकले आणि ते बसले. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी ट्रक तीनदा नाल्यात घातला, कारण बोटं बटणांवर असली तरी उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबत होता. संध्याकाळपर्यंत मात्र त्यांचा माल पोचायला लागला. मध्येच डावा हात बटणं सोडून बाजूला जायचा, गिअरचा दांडा शोधायला. तो सापडायचा नाही. मग हात परत यायचा.

त्या दिवसांत लोडशेडिंगचं वेळापत्रक ठरलेलं असे. सकाळी चार तास, दुपारनंतर पुन्हा काही तास. बाबांनी ते वेळापत्रक डेपोतल्या फलकासारखं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं आणि त्याप्रमाणे आपल्या फेऱ्या ठरवल्या. आई म्हणायची, "ड्युटी लागली याइची." पण तिच्या बोलण्यात राग नव्हता. घरात पुन्हा कोणीतरी वेळेवर आंघोळ करून, भांग पाडून बसत होतं.

माझा कॉम्प्युटर टायपिंगपुरता होता. त्यावर तो गेम चालायचा, पण सगळं कमी करून. झाडं नाहीत, पाऊस नाही आणि रस्त्यावर दुसरी एकही गाडी नाही. बाबांना त्याचा कंटाळा आला.

"हे काय, संचारबंदीत चालवल्यासारखं," ते एकदा म्हणाले. "रस्त्यावर चिटपाखरू नाई. अशी गाडी तर तुई मायबी चालवंल."

मी ते मनावर घेतलं. नागपूरला माझी एक मैत्रीण होती. तिच्या ओळखीचं एक गेम पार्लर बंद होत होतं, तिथून तिनं मला एक जुनं ग्राफिक कार्ड मिळवून दिलं. हातभर लांब आणि पाठीवर पंखा. ते बसवण्यासाठी कॅबिनेटच्या आतली एक पत्र्याची पट्टी मला पकडीनं वाकवावी लागली. एवढ्या मोठ्या कार्डाला मदरबोर्डातून मिळणारी वीज पुरत नाही, त्याला एसएमपीएसमधून वेगळी वायर द्यावी लागते. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा. घरातली वीज तो घेतो आणि आतल्या सगळ्या भागांना लागेल तशी वाटून देतो.

मी वायर जोडली आणि गेममधलं सगळं चालू केलं. पडद्यावर झाडं आली, डोंगर आले, काचेवर पाऊस पडू लागला आणि समोरून गाड्या यायला लागल्या. बाबा खुर्चीत पुढे सरकले. "हां," ते म्हणाले, "आता रस्ता वाटून राह्यला."

ट्रक घाटाला लागला आणि कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद पडला.

पुन्हा चालू केला. पुन्हा घाट, पुन्हा बंद. चार दिवस हेच चाललं. सपाट रस्त्यावर चालायचा, पण डोंगर, पाऊस आणि चार गाड्या एकत्र आल्या की काळा पडदा. बाबांना वाटलं त्यांचंच काही चुकतंय. घाटाच्या आधी ते गाडी हळू करून बघत, नाही तर वेग घेऊन बघत. पाचव्या दिवशी म्हणाले, "इंजिन लोड घेऊन नाई राह्यलं, पोरी. माह्या हातची गोष्ट नाई हे." त्यांचं निदान अगदी बरोबर होतं. डबा लोड घेत नव्हता.

शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं सांगितलं की एवढ्या कार्डाला चालेल असा मोठा एसएमपीएस यवतमाळात कोणी ठेवत नाही, नागपूरहून मागवावा लागेल, आणि त्यानं जी किंमत सांगितली ती ऐकून मी "बघते" म्हणून परत आले.

क्लासमध्ये दुपारी विद्यार्थी नसताना मी इंटरनेटवर शोधत बसायचे. तिथं मला कळलं की परदेशात काही हौशी लोक एकाच कॉम्प्युटरला दोन एसएमपीएस लावतात. पहिला नेहमीचं सगळं सांभाळतो, दुसरा फक्त ग्राफिक कार्डाला वीज देतो. अडचण एकच. एसएमपीएस आपणहून सुरू होत नाही, त्याला मदरबोर्डाकडून इशारा लागतो. दुसऱ्याला मदरबोर्डच नाही, मग इशारा कोण देणार? त्यावरची युक्ती अशी, की त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळ्या वायरीला जोडून टाकायची. म्हणजे तो समजतो की हुकूम आला.

क्लासमध्ये एक मोडका कॉम्प्युटर पडून होता. सरांना विचारून मी त्याचा डबा घरी आणला, पाटावर ठेवला, कागदाला लावायची टाचणी वाकवून हिरव्या-काळ्या भोकांत घातली आणि बोर्डाचं बटण दाबलं. डब्याचा पंखा फिरायला लागला. मग कार्डाची वायर त्या डब्याला जोडली आणि कॉम्प्युटर सुरू केला. घाट पार झाला! बाबांनी पलीकडच्या गावात माल उतरवला आणि चक्क माझ्याशी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला असताना आईचा फोन आला. "घरी ये. तुह्या त्या डब्यातून वास येऊन राह्यला."

झालं होतं ते असं. बाबा चालवत असताना वीज गेली. ते उठून स्वयंपाकघरात गेले. भिंतीवरच्या बोर्डाची बटणं चालूच राहिली. तीन तासांनी वीज आली, तेव्हा कॉम्प्युटर बंदच राहिला, कारण तो बटण दाबून सुरू करावा लागतो. पण पाटावरच्या डब्यात टाचणी होती. त्याला हुकूम कायमचाच होता. तो लगेच सुरू झाला आणि बंद कॉम्प्युटरमधल्या कार्डाला एकटाच वीज देत बसला. कॅबिनेटचा पंखा बंद, आत हवा नाही. मी पोचले तेव्हा कार्ड हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. आईनं डबा बंद करायचं धाडस केलं नव्हतं, कारण तिला त्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. ती ते महिनाभर सांगत होती. आम्ही कोणी लक्ष दिलं नव्हतं.

"हे काम माह्या भावाले दाखोव," आई म्हणाली. "त्याच्याबिगर हात लावू नको."

मामा राळेगावकडच्या एका जिनिंगमध्ये वायरमन होता. पूर्वी दिवाळी झाली की त्याचं तोंड होळीपर्यंत दिसायचं नाही. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे आणि आत यंत्रं रात्रंदिवस सरकी-रुई वेगळी करत. त्या वर्षांत मात्र सगळंच उलटं झालं होतं. कापूस कमी पिकत होता, पिकला त्याला भाव नव्हता, आणि जिनिंग संक्रांतीच्या आधीच थंड पडलं होतं. मालकानं सांगितलं होतं की कापूस आला की बोलावू. मामा घरी बसून होता. फोन केला तर दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं आला, खांद्याला हत्यारांची पिशवी लावून.

त्यानं आधी काहीच उघडलं नाही. माझा जुना डबा कॅबिनेटमधून काढायला लावला आणि हातात तोलून बघितला. मग पाटावरचा तोलला आणि पुन्हा माझा जुना डबा उचलला.

"याच्यावर काय लिहिलं हाय?"

"साडेचारशे वॅट."

"लिहिलं असंन. हा डबा हलका हाय. एवढा लोड घेनाऱ्या डब्यात तांबं असते, लोखंड असते, तो असा सुपासारखा उचलल्या जात नाई. दुसरा बरा हाय, वजन हाय त्याले."

मी डब्याचे स्क्रू काढायला गेले तर त्यानं माझा हात धरला. "डबा खोलायचा नाई. बंद केला तरी आत करंट साठून राहते. माह्या एका दोस्तानं असाच हात घातला होता. बाहेरच्या वायरींचंच पाहू."

मग त्यानं भिंतीतल्या बोर्डाला टेस्टर लावला, दिवा लावून बघितला, आणि आईकडे वळला. "आक्का, तुह्या झिणझिण्या खऱ्या हायेत. या घराले अर्थिंगच नाई. वायर हाय, पन ती खाली कुठं जोडेलच नाई."

आईनं आमच्या दोघांकडे असं पाहिलं की बाबा सुद्धा खिडकीबाहेर बघायला लागले.

तो सगळा दिवस अर्थिंगमध्ये गेला. मामानं मागच्या अंगणात कमरेएवढा खड्डा खणला, त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि जाडं मीठ भरलं, आई वरून बादलीनं पाणी ओतत होती. मामा घामानं निथळत होता आणि खुशीत होता. काही महिन्यांत पहिल्यांदाच त्याला काम मिळालं होतं, असं आई नंतर म्हणाली. तो स्वतः तसं काही बोलला नाही. संध्याकाळी आईनं बोट पुढे करून कॅबिनेटला लावलं, काढलं, पुन्हा सगळा तळहात लावला. "गेल्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, मामा आणि मी पाटाभोवती बसलो. मामानं माझी टाचणी काढून बाजूला ठेवली.

"दोन्ही डब्याइचा अर्थ एक पाहिजे, म्हनून दोघाइच्या काळ्या वायरी एकमेकीले जोडू. हे झालं पयलं. दुसरं म्हंजे, याले चालू-बंद करनारा मानूस नाई पाहिजे. पयला चालू झाला की यानं चालू व्हावं, तो बंद तर हा बंद. जिनिंगमध्ये आमी हेच करतो, रिले लावून. पन आमचे रिले मोठे, मोटरीचे. इथं बारीक पाहिजे, बारा होल्टचा." त्यानं डोकं खाजवलं. "यवतमाळात कुठं भेटंल?"

बाबा खिडकीशी बसल्या जागेवरून बोलले. इतका वेळ ते ऐकतायत हे आम्हाला वाटलंच नव्हतं.

"हॉर्नचा चालन का?"

मामा वळला. "काय म्हनता भाऊजी?"

"हॉर्नचा रिले. गाडीत हॉर्नचं बटन बारीक असते, सगळा करंट त्याच्यातून गेला तर जळून जाईन. म्हनून बटन फक्त रिलेले सांगते, अन् रिले हॉर्नले करंट देते. एसटीचा नाई चालनार, तो चोवीस होल्टचा. जीपचा घ्या, बारा असते."

मामा त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग मोठ्यानं हसला. "भाऊजी, तुमी मले कालच काहून नाई सांगतलं?"

"तुमी मले इचारलं काय?"

बाबा उठले, चपला घातल्या. निवृत्तीनंतर ते बसस्टँडकडे गेले नव्हते. त्या रस्त्यानं जावं लागू नये म्हणून भाजीसुद्धा ते दुसऱ्या बाजारातून आणत. त्या दिवशी ते माझ्या स्कूटीवर मागे बसले आणि मला रस्ता सांगत स्टँडसमोरच्या एका ऑटो इलेक्ट्रिकच्या टपरीवर घेऊन गेले. टपरीवाला त्यांना बघून जागेवरून उठला.

"वस्ताद! कुठी होते इतके दिवस? कोनत्या गाडीले पाहिजे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ट्रक हाय एक. घाटात बंद पडून राह्यला."

टपरीवाल्यानं काड्यापेटीएवढा काळा रिले काढून दिला. तिथं चहा झाला, दोन चालक येऊन भेटले, एकानं बाबांच्या पाठीवर हात ठेवला. परत येताना बाबांनी मला स्कूटी लांबच्या रस्त्यानं नाही, डेपोच्या फाटकासमोरून न्यायला सांगितली.

रिलेला खाली चार पाय होते. दोन पायांना मामानं पहिल्या डब्याची एक पिवळी आणि एक काळी वायर जोडली. म्हणजे पहिला डबा सुरू झाला की रिलेला वीज मिळणार. उरलेल्या दोन पायांना दुसऱ्या डब्याची हिरवी आणि काळी. रिलेला वीज मिळाली की त्या दोघी आत एकमेकींना चिकटणार. प्रत्येक जोड त्यानं डाग देऊन पक्का केला आणि वर टेप गुंडाळली. मला म्हणाला, "दाब."

मी कॅबिनेटचं बटण दाबलं. टक् असा बारीक आवाज आला आणि दोन्ही पंखे बरोबर फिरायला लागले. बंद केला, दोन्ही थांबले. आईनं मीटरजवळचा मेन स्विच पाडून पुन्हा उचलला, खरी लोडशेडिंग करून दाखवली. वीज आली तरी दोन्ही डबे गप्प होते, बटणाची वाट बघत. मामानं टेप कात्रीनं कापली आणि पिशवीत ठेवली.

आता घाट, पाऊस, गाड्या, सगळं चालू ठेवून बाबा तासन्‌तास चालवायला लागले. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. आणि आता रस्त्यावर गाड्या होत्या म्हणून अपघात व्हायला लागले.

पहिल्या दिवशी चार. बाबा म्हणाले, परदेशातला रस्ता आहे, ते लोक उलट्या बाजूनं चालवतात, सवय नाही. ते खरंच होतं. पण त्या गेममध्ये एक देश असा होता जिथं आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात. मी त्यांना तो लावून दिला. मामा अजून आमच्याकडेच होता. तोही बघत बसला.

दुपारची वेळ होती. बाबांचा ट्रक एका गावाजवळ आला. डावीकडच्या छोट्या रस्त्यावरून एक लाल गाडी मुख्य रस्त्याला येत होती. मला ती दुरूनच दिसली, मामालाही. बाबांनी वेग कमी केला नाही. सव्वीस वर्षांत ज्यांच्या गाडीला साधा ओरखडा पडला नव्हता, ते सरळ जाऊन तिच्यावर आदळले.

"हे कुठून आलं?" बाबा म्हणाले.

मामानं आणि मी एकमेकांकडे बघितलं.

त्यांनी पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळानं डावीकडून एक गाडी आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एक सायकलवाला होता. उजवीकडून येणाऱ्यांना बाबा बरोबर टाळत होते. तिसऱ्या धडकेनंतर त्यांनी बटणांवरून हात काढले आणि मांडीवर ठेवले.

"तू इकडं उभी राह्य," ते मला म्हणाले. "टीव्हीच्या डाव्या बाजूले." मॉनिटरला ते टीव्हीच म्हणत. "मी मधात पाह्यतो. तू बोट हलवत आन. दिसलं की मी सांगतो."

मी मॉनिटरच्या डाव्या कडेला उभी राहिले आणि बोट हलवत हळूहळू आत आणू लागले. बाबा पडद्याच्या मधोमध बघत होते. बोट कडेवरून आत आलं, चार बोटं आत आलं, वीतभर आत आलं. ते काहीच म्हणाले नाहीत. माझं बोट मध्यापासून थोड्याच अंतरावर होतं तेव्हा ते म्हणाले, "हां. आता दिसलं. आन आता."

माझं बोट तिथंच राहिलं. मामा म्हणाला, "भाऊजी, ते आत आलेलंच हाय."

बाबांनी मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं, मग मॉनिटरच्या कडेकडे, मग पुन्हा हाताकडे. किती अंतर आहे ते त्यांनी डोळ्यांनीच मोजलं. नंतर म्हणाले, "काळं काई दिसत नाई तिथं. काळं दिसलं असतं तर समजलं असतं ना मले. तिथं काईच नाई, पन नाई असं वाटतच नाई."

मग त्यांनी विचारलं, "मी रोज पन्नास-साठ मानसं घेऊन जात होतो. किती दिवस असं असंन हे?"

"कोणाला काही झालं नाही बाबा," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. "झालं नाई."

ते उठून अंगणात गेले. मामा त्यांच्या मागे जायला निघाला तर आईनं त्याला खुणेनं थांबवलं. बाबा अर्थिंगच्या खड्ड्याजवळ बराच वेळ उभे होते. मग आत आले, फ्रीज उघडला आणि बाटली काढून तिच्यावरची तारीख डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"मुदत गेली याची," ते आईला म्हणाले. "उद्या दवाखान्यात जाऊन येऊ."

डॉक्टर त्यांच्यावर रागावले नाहीत. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळायची, एवढं सांगितलं. मी गेमची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले की बहुतेकांना हे कळायला आधी कुठंतरी धडकावं लागतं, आणि पडद्यावर धडकणं त्यातल्या त्यात बरं.

तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता आई औषध टाकायची आणि बाबा पाच मिनिटं डोळे मिटून बसायचे. गेम त्यांनी सोडला नाही. खुर्ची मात्र भिंतीला टेकेपर्यंत मागे नेली. तेवढ्या अंतरावरून सगळा पडदा त्यांच्या नजरेत मावायचा. कीबोर्ड मांडीवर घेता यावा म्हणून मामानं त्याची वायर वाढवून दिली. डावीकडे बघायचं असलं की ते मान पूर्ण वळवायचे, एकदा, दोनदा. धडका कमी झाल्या. अगदी बंद झाल्या नाहीत.

मामाच्या जिनिंगचं बोलावणं त्या वर्षी आलं नाही. आईच्या ओळखीतून त्याला आमच्याच वस्तीत अर्थिंगची कामं मिळत गेली. आमच्यासारखीच वायर भिंतीत आणि खाली काहीच नाही, अशी घरं बरीच निघाली. पुढे त्यानं यवतमाळातच खोली घेतली. जिनिंग दोन हंगामांनी सुरू झालं तेव्हा तो गेला नाही. मला वाटतं त्याचं मन तिथंच होतं, पण पोरांची शाळा इथं लागली होती.

ते दोन डबे दीड वर्ष पाटावर आणि कॅबिनेटमध्ये मिळून चालले. मग हलका डबा एके दिवशी पिवळी वायर गरम करून मेला. मामानं जोडलेला एकही जोड सुटला नव्हता. तोवर चांगले एसएमपीएस यवतमाळात मिळायला लागले होते. मी एकच मोठा आणून बसवला.

त्याच हिवाळ्यात बोरी अरब या गावी डोळ्यांचं शिबिर होतं. बाबा सकाळीच दारव्ह्याच्या गाडीनं निघाले आणि संध्याकाळी परत आले. तपासणी तर त्यांची यवतमाळात व्हायची, मग तिथं कशाला, असं मी विचारलं. त्यांनी चप्पल काढून पाय धुतले आणि मग सांगितलं. डेपोतले तीन जुने चालक त्यांनी आठवडाभर फोन करून गोळा केले होते. दोघांचं नीट निघालं. तिसरा, बाबांच्याच बरोबर भरती झालेला, आत जायलाच तयार नव्हता. म्हणत होता, मला शेवटची ओळ दिसते.

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय. त्याले बाहेर झाडाखाली बसवलं, बोट धरलं डाव्या बाजूले, अन् म्हनलं, सांग कवा दिसते ते. उजव्या बाजूचंबी पाह्यलं." बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "मंग गेला आतमंधी. तीन तास नंबर होता, बसलो त्याच्यापाशी. जेवायले वाढ."